बाथरूमच्या टाइल्सना कोणता ॲडहेसिव्ह, कोपऱ्यांना कोणते सिलिकॉन?

दुकानात जाऊन पोत्याचा भाव विचारण्याआधी आणलेली टाइल पालथी घाला आणि तिच्या पाठीवर चार थेंब पाणी टाका. थेंब पाचेक मिनिटांत मुरले तर टाइल सिरॅमिकची. तसेच बसून राहिले तर व्हिट्रिफाइड. ॲडहेसिव्हची निवड बरीचशी इथेच ठरते.

व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी पिते. सिमेंटचा घोळ टाइलच्या छिद्रांत शिरून धरतो. छिद्रेच नसतील तर धरणार कशाला? मग टाइल ढबढब वाजू लागते आणि एक दिवस कोपरा सोडते. आपल्याकडे सोलापुरात त्यात काळ्या मातीची भर. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरच्या घराची भिंत केसभर का होईना, हलते.

पोत्यावर काय वाचायचे

आयएस 15477 हे भारतीय मानक आणि त्याखाली ‘टाइप’चा आकडा शोधा. आतल्या भिंतीवरच्या लहान सिरॅमिक टाइलला टाइप 1 पुरतो. व्हिट्रिफाइडला किमान टाइप 2 घ्या. भिंतीवर दोन बाय चार फुटांची मोठी टाइल किंवा जुन्या टाइलवर नवी टाइल लावायची असेल तर टाइप 3 किंवा त्यापुढचा, आणि तो त्या कामाला चालतो असे पोत्यावर स्पष्ट छापलेले हवे. काही पोत्यांवर सी1, सी2 असते. सी2 ची पकड सी1 च्या दुप्पट धरली जाते. पुढे ‘टी’ असेल तर टाइल भिंतीवरून घसरत नाही, ‘ई’ असेल तर लावायला जास्त वेळ मिळतो, ‘एस1’ म्हणजे थोडी लवचिकता. सोलापुरात उन्हाळ्यात काम काढले असेल तर ‘ई’साठी जादा पैसे जरूर मोजा.

किती लागेल

5 बाय 7 फुटांचे बाथरूम, 7 फूट उंचीपर्यंत टाइल. भिंती 168 चौरस फूट, त्यातून दाराचे 18 वजा, जमिनीचे 35 मिळवा: 185 चौरस फूट. 3 मिलिमीटर थराला 20 किलोचे पोते 45 ते 50 चौरस फूट पुरते, म्हणजे चार पोती आणि एक हाताशी. प्लास्टर वर-खाली असेल तर ते आधी सरळ करून घ्या. ॲडहेसिव्हने खड्डे भरणे महागही पडते आणि जाड थर आकसून टाइल ओढतो.

लावताना

वॉटरप्रूफिंग करून, जमिनीवर पाणी तुंबवून 48 तास तपासल्याशिवाय टाइलला हात लावू नका.

कालवायला नळाचे साठवलेले पाणी घ्या. बोअरचे पाणी खारट असेल तर सांध्यांतून पांढरे क्षार फुटतात. आधी बादलीत पाणी, मग पावडर. प्रमाण पोत्यावर असते, बहुतेक वेळा 20 किलोला 5 ते 6 लिटर. कालवून पाच-दहा मिनिटे ठेवा, पुन्हा एकदा फिरवा, मग वापरा. गवंडी सवयीने त्यात घमेलेभर सिमेंट टाकतो किंवा टाइल रात्रभर भिजत घालतो. दोन्ही थांबवा. सिमेंटने आतल्या पॉलिमरचे, म्हणजे पकड वाढवणाऱ्या घटकाचे, प्रमाण बिघडते, आणि ओल्या पाठीवर ॲडहेसिव्ह नीट धरत नाही.

चार कोपऱ्यांत चार गोळे लावून टाइल चिकटवू देऊ नका. दातेरी करणीने एकाच दिशेने रेघा ओढायच्या, मोठ्या टाइलच्या पाठीवरही पातळ थर द्यायचा, मग दाबून बसवायची. पहिली टाइल लावली की लगेच उचकटून पाहा: पाठ जवळजवळ पूर्ण माखलेली दिसली पाहिजे. रेघा कोरड्याच उमटल्या असतील तर मोठ्या दाताची करणी घ्या.

पारा चाळिशीपार असताना भिंतीवरच्या थराला चटकन साय धरते. बोट लावा. बोटाला काही लागले नाही तर थर खरवडून फेका; वर पाणी शिंपडून तो जिवंत होत नाही. म्हणून एका वेळी सात-आठ चौरस फुटांपुरताच थर ओढा.

टाइल्समध्ये सारखी फट राखणारे 2 मिलिमीटरचे स्पेसर ठेवा आणि त्या फटी बुजवणारा ग्राउट 24 तासांनी भरा. पण भिंत-भिंत आणि भिंत-जमीन जिथे मिळतात ते सांधे मोकळे सोडा. तिथे दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, ग्राउट तडकतोच.

सिलिकॉन

त्या सांध्यांसाठी ट्यूबवर ‘सॅनिटरी’ लिहिलेले, बुरशीरोधक सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते ॲसेटिक. ते काच आणि चकचकीत टाइलवर चांगले. पण शहाबादी फरशी, संगमरवर, आरसा किंवा सिमेंटच्या कडेला नको. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, आम्लाने त्याची कड खाल्ली जाते. जुन्या न्हाणीत शहाबादी तशीच ठेवून फक्त भिंतीला टाइल्स लावत असाल तर ‘न्यूट्रल’च मागा.

वरच्या मापाच्या बाथरूमला सांध्यांची लांबी साधारण 15 मीटर. 6 मिलिमीटरच्या तिकोनी पट्टीला 280 मिलिलिटरची एक ट्यूब जेमतेम पुरते, कमोड-बेसिन धरून दोन घ्या.

सांधा आतपर्यंत कोरडा हवा. जुने सिलिकॉन ब्लेडने मुळापासून काढा, कारण सिलिकॉनवर नवे सिलिकॉनसुद्धा धरत नाही. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, पट्टी सलग ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच फिरवा आणि साय धरण्याआधी टेप काढा. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकते, 24 तासांत सुमारे 2-3 मिलिमीटर. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या हवेत त्याला उशीर लागतो, तेव्हा दोन-तीन दिवस तिथे पाणी पडू देऊ नका.

कमोडच्या पायथ्याला पट्टी ओढताना मागच्या बाजूला इंचभर जागा मोकळी ठेवा. आतली जोडणी गळू लागली तर पाणी तिथून बाहेर येऊन दिसते. नाहीतर ते खालच्या मजल्याच्या छतातच दिसेल.