कमी खर्चात घर सजवायचंय? आधी कोठ्यात आणि धुऱ्यावर पाहा

महालक्ष्म्या किंवा दिवाळी जवळ आली, घरात लग्न निघालं की घर सजवायची इच्छा होते आणि हात मोबाइलकडे जातो. तिथली चित्रं देखणी असतात, पण ती दुसऱ्याच घरासाठी केलेली असतात. आपल्याकडे विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, पावसाळ्यात भिंतीला ओल धरते आणि वेचणीच्या दिवसांत अर्धी खोली कापसानं भरलेली असते. चित्र बघून साहित्याची यादी केली आणि तालुक्याला गेलो, की स्वस्तातली सजावट महागात पडते. म्हणून क्रम उलटा करा. आधी साहित्य शोधा, कल्पना त्यातून निघेल.

एकच जागा ठरवा

सगळं घर एकदम काढू नका. दाराची चौकट, देवघरामागची भिंत, ओसरीचा एक कोपरा, यांपैकी एकच घ्या. सकाळी आणि दिवे लागल्यावर अशी दोनदा ती जागा पाहा. ऊन कुठवर येतं, पाण्याची झड कुठवर लागते, लेकरांचे हात कुठवर पोचतात, हे वहीत लिहा. अर्ध्या कल्पना इथंच गळून पडतात, आणि ते चांगलंच आहे.

फुकटात काय पडलं आहे?

आता वही घेऊन गुरांचा कोठा, माळा, शेताचा धुरा म्हणजे बांध आणि घरामागची जागा फिरा. जे दिसेल ते लिहा. तुराट्या, बारदाना, फुटका माठ, जुनी लुगडी, मोडलेली दुरडी, बैलांच्या जुन्या घुंगरमाळा. भंडारा-गोंदियाकडे धानाचं तनस असेल, गडचिरोली-चंद्रपूरकडे बांबू.

तुराट्यांचा कूड आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घातला. तीच वीण लहान करा. सरळ, सारख्या जाडीच्या तुराट्या निवडून सुतळीनं गुंफल्या की खिडकीचा पडदा किंवा भिंतीवरची चौकट होते. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, वापरायच्या असतील तर उरलेली सगळी बोंडं काढून जाळून टाका. त्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, आणि घरात ठेवलेली पऱ्हाटी पुढच्या हंगामाला महागात पडते.

बांबूच्या कामट्या कच्च्या वापरल्या तर भुंगेरा लागतो आणि खालून पिवळट भुगा गळायला लागतो. कारण बांबूतला पिष्टाचा अंश. कामट्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, पाणी अधूनमधून बदला, मग सावलीत वाळवा. स्वतःच्या धुऱ्यावरचा बांबू तोडायला २०१७ पासून वन कायद्याची आडकाठी राहिलेली नाही. जंगलातला मात्र परवानगीशिवाय तोडायचा नाही.

फाल्गुनात पळस फुलला की दोन-तीन टोपल्या फुलं सावलीत वाळवून ठेवा. जुन्या सुती धोतराचे किंवा चादरीचे पडदे रंगवायला याच्यासारखं काही नाही. पाव किलो कपडा आधी स्वच्छ धुऊन हिरड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवा. पिळून वाळवा आणि ४० ग्रॅमच्या आसपास तुरटी विरघळवलेल्या कोमट पाण्यात पुन्हा तासभर ठेवा. कपड्याच्या वजनाइतकी वाळलेली फुलं पाण्यात उकळून गाळा आणि त्या मंद गरम पाण्यात कपडा तासभर हलवत राहा. पिवळा-केशरी रंग येतो. हिरडा आणि तुरटी वगळलीत तर दोन धुण्यांत कपडा फिका पडेल. पळसाचा रंग उन्हात तसाही उतरतो, म्हणून हे पडदे दक्षिणेच्या खिडकीला लावू नका.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. फवारणीच्या औषधाचे डबे आणि बाटल्या कितीही छान दिसल्या तरी घरात आणू नका, कुंडी म्हणूनही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. ते विष धुऊन जाईल या भरवशावर राहू नका.

नक्षी कुठून आणायची?

नक्षी आपल्या आजूबाजूलाच आहे, फक्त तिला नक्षी म्हणून पाहायची सवय नाही. आजीच्या पेटीत करवतकाठी लुगडं असेल तर त्याचा काठ उलगडून पाहा. करवतीच्या दातांसारखी त्रिकोणांची ओळ दिसेल. अर्धा बटाटा त्रिकोणी कापून गेरूत बुडवा आणि दाराच्या चौकटीभोवती तीच ओळ उठवा. खर्च गेरूच्या एका पुडीचा. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल वर्षभर माळ्यावर धूळ खातात, ते पुसून देवळीत मांडा. सुपाची, टोपलीची वीण कागदावर पेन्सिलनं उतरवून घ्या, गोधडीच्या तुकड्यांची मांडणी करताना ती कामी येते.

आठवडी बाजारात बुरडाच्या शेजारी थोडा वेळ बसा. कामटी कशी सोलतात, तळ कसा धरतात, हे बघूनच कळतं. पण त्याचा तास फुकट घेऊ नका. टोपली विकत घ्या आणि घासाघीस करू नका. मेळघाटात कोरकूंचे कोरीव स्मृतिस्तंभ दिसतील. चंद्र-सूर्य, घोडेस्वार अशी त्यांवरची चित्रं मन ओढून घेतात, पण ते त्यांच्या गेलेल्या माणसांसाठी असतात. ते बघावेत, नमस्कार करावा. दिवाणखान्यात आणू नयेत.

थोडं लांब जाता आलं तर वर्धा गाठा. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय ग्रामोद्योगांसाठीच आहे. तिथून सेवाग्राम जवळ. बापू कुटीत माती, बांबू आणि कौलं यांनी केलेली घरबांधणी पाहा, आणि गांधीजींच्या शिष्या मीराबेननी भिंतीवर मातीत उठवलेली चित्रं मुद्दाम पाहा. माझ्या मते कमी खर्चातल्या सजावटीचा इतका चांगला नमुना विदर्भात दुसरा नाही. कारण ती चित्रं भिंतीपासून वेगळी वाटतच नाहीत. धारणीजवळ लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे, बांबूचं काम बघायचं तर तिथं जा.

मोबाइल कधी उघडायचा?

सगळ्यात शेवटी, आणि आपल्याकडच्या साहित्याचं नाव लिहून. चित्र आवडलं की बघा, बंद करा आणि आठवेल तेवढंच वहीत काढा. जे आठवलं तेच तुम्हाला खरं आवडलेलं असतं. थर्माकोलची आरास दिसली तर सोडून द्या. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. तापवून लावायच्या गोंदकांडीनं (ग्लू गननं) चिकटवलेल्या वस्तूही टाळा, तापलेल्या टिनाखाली तो जोड ढिला पडतो. सुतळी आणि खिळा जास्त भरवशाचे.

करून पाहा: मातीचं उठावचित्र

मातीची भिंत असेल तर थेट भिंतीवर, ऑइलपेंटची असेल तर लाकडी फळीवर तारेची जाळी ठोकून त्यावर करा. रंगाच्या भिंतीवर माती धरत नाही.

आपली काळी माती एकटी वापरली तर वाळताना भेगाळते. पांढरी माती मिळाली तर उत्तम, नाहीतर काळ्या मातीत रेती वाढवा. दोन वाट्या चाळलेली माती, एक वाटी बारीक रेती, एक वाटी शेण आणि मूठभर बारीक कुटार (भुसा) असं कालवून एक रात्र भिजू द्या. आधी हातभर जागेवर किंवा खापरावर थोडं थापून बघा. भेगा पडल्या तर रेती आणि कुटार वाढवा, माती झडत असेल तर रेती कमी करा. ही चाचणी चुकवू नका.

जागा खरवडून ओली करा. कोळशानं चित्र काढा, मोठं आणि सोपं. मोहाचं झाड, मोर, बैलजोडी, काहीही. मातीच्या वळ्या करून रेषेवर दाबा, जाडी अंगठ्याएवढीच ठेवा, जास्त झाली की सुकताना सुटते. कडा ओल्या बोटानं भिंतीत मिसळून घ्या. वर ओलसर कपडा धरून दोन दिवस हळूहळू वाळू द्या. बारीक भेगा त्याच मातीच्या पातळ काल्यानं भरा.

पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या मातीचा हात द्या आणि उठावावर गेरू लावा. दोन्हींत बाभळीचा डिंक भिजवलेलं पाणी घाला. वाळल्यावर रंग बोटाला लागला, तर पुढच्या हाताला डिंक थोडा वाढवा.