दीपमाळेवर रंग चढवताना: रात्रीच्या लाईट पेंटिंगची पद्धत

लाईट पेंटिंग म्हणजे अंधारात कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवून टॉर्चच्या उजेडाने वस्तू रंगवणं. ट्रायपॉड लावा, शटर तीस सेकंद उघडं ठेवा आणि रंगीत टॉर्च फिरवा, एवढं सांगून बहुतेक जण मोकळे होतात. मग लाल टाकलेला रंग फोटोत गुलाबी येतो, निळा पांढुरका होतो आणि खापर फुटतं कॅमेऱ्यावर. रंग बिघडतो तो उजेड जास्त झाल्याने, हे कुणी सांगत नाही.

जागा आधी ठरवा. कोल्हापुरात शिकायला पंचगंगा घाटासारखी जागा नाही, पण हिवाळ्यात, पाणी उतरल्यावर. पावसाळ्यात तिथली काळ्या दगडाची छोटी देवळं आणि दीपमाळा पाण्यात असतात. कार्तिक पौर्णिमेच्या दीपोत्सवात मात्र टॉर्च घरीच ठेवा, पणत्यांपुढे त्याचं काही काम नाही. रंकाळा तलावाकाठी रस्त्याचे दिवे फार आणि तेही वेगवेगळ्या रंगांचे. पन्हाळा हे संरक्षित स्मारक आहे, तिथे ट्रायपॉड घेऊन जायचं तर परवानगी आधी काढावी लागते. काहीच जमलं नाही तर मळ्यातली विहीर किंवा जुन्या वाड्याची भिंत चालते.

कॅमेरा रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि मॅन्युअलवर (सगळं हाताने ठरवायचं). आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ/8, शटर 30 सेकंद. टॉर्चच्या उजेडात फोकस घेऊन लेन्स मॅन्युअलवर टाका, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा. व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ती सेटिंग) 4000 केल्विनच्या आसपास पक्का करा. ऑटोवर ठेवलात तर तुम्ही टाकलेला रंग कॅमेरा पुसायला बघतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही (फोटोतले दाणे घालवणारी सोय) बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर पुन्हा तीस सेकंद हात बांधून उभं राहावं लागतं.

सूर्यास्तानंतर साधारण अर्ध्या तासाने टॉर्च न पेटवता एक फोटो काढा. आकाश गडद निळं आणि दीपमाळ जवळजवळ काळी दिसायला हवी. दगडावरचा तपशील आत्ताच दिसत असेल तर शटरचा वेळ कमी करा किंवा दहा मिनिटं थांबा. दगडावर आधीच पांढरा उजेड असेल तर त्यावर रंग चढत नाही, मळतो.

आता खरं काम. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा रंगीत जिलेटीन पेपर चालतो, पण एकेरी नाही. त्यातून इतर रंगांचा उजेडही गळतो. लाल आणि निळा दुहेरी लावा. टॉर्चच्या कडेने पांढरा उजेड बाहेर येत असेल तर काळी चिकटपट्टी गुंडाळा; ती बारीक फट पुढे दगडावर पांढरा डाग होऊन दिसते. निळसर पांढऱ्या एलईडीत गडद लाल फार कमी असतो, म्हणून लाल-केशरीसाठी पिवळसर उजेडाचा टॉर्च घ्या, निळ्यासाठी पांढरा.

लाल उजेडात सेन्सरचा लाल चॅनेल (लाल रंगाची नोंद) एकटाच भरत जातो, हिरवा आणि निळा जवळजवळ रिकामे राहतात. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) मुख्यतः हिरव्याकडे बघून उजेड मोजतो, त्यामुळे तो ‘फोटो काळा आहे’ असं सांगतो. तुम्ही टॉर्च आणखी फिरवता. लाल चॅनेल केव्हाच काठोकाठ भरलेला असतो. आता भर पडते ती जिलेटीनमधून गळलेल्या हिरव्या-निळ्याची. तोच तुमचा गुलाबी. तेव्हा कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि फक्त टाकलेल्या रंगाचा आलेख बघा. तो उजव्या कडेला टेकता कामा नये. पाच सेकंद उजेड टाकून फोटो बघा, मग दहा. अंदाजाने वीस सेकंद फिरवण्यात अर्थ नाही.

काळा बेसाल्ट उजेड पितो हे खरं, पण म्हणून जवळ जाऊ नका. जवळून खालचा भाग जळतो आणि वर अंधार राहतो. पाच मीटर उंच दीपमाळेपासून तीन मीटरवर उभं राहून छातीच्या उंचीवरून उजेड टाकला, तर टोकाला पोचणारा उजेड समोरच्या भागाच्या साधारण एक चतुर्थांश असतो. म्हणून वरच्या भागावर चौपट वेळ द्या, खाली नुसता हात फिरवा. टॉर्च सतत हलता ठेवा, एका जागी थांबला की गोल चट्टा उमटतो.

आणि कॅमेऱ्याशेजारी उभं राहून उजेड टाकू नका, कितीही जणांनी सांगितलं तरी. समोरच्या उजेडात दीपमाळ सपाट पुठ्ठा होते. बाजूला जा, कॅमेऱ्याच्या रेषेशी साधारण काटकोनात. पणत्या ठेवायच्या प्रत्येक दगडी हाताची सावली शेजारच्या दगडावर पडते आणि टाकीचे घाव उठून दिसतात. टॉर्चचं तोंड कॅमेऱ्याकडे वळू देऊ नका. कपडे गडद घाला, आणि दीपमाळ व टॉर्च यांच्या मध्ये स्वतः येऊ नका.

रंग दोनच. निळ्या आकाशापुढे दगडाला केशरी, आणि मागून कडेला हवा तर निळा किंवा जांभळा. तिसरा आला की दीपमाळ गणपतीच्या मिरवणुकीतल्या ट्रॅक्टरसारखी दिसते. दोन्ही रंग एकाच फोटोत टाकायचा हट्ट नको. प्रत्येक रंगाचा वेगळा फोटो काढा, कॅमेऱ्याला धक्का लागू देऊ नका आणि संगणकावर लेयर लाईटन मोडमध्ये (दोन्हींतला उजळ भाग ठेवणारी पद्धत) एकमेकांवर ठेवा. एक रंग चुकला तर तेवढाच पुन्हा काढता येतो.

ओल्या पायऱ्यांवर उजेडाचा चकाकता पट्टा येतो. तो नको असेल तर टॉर्च वर धरा, पायऱ्यांवर मुद्दाम मारू नका. घाटावर कुणी पूजेला बसलं असेल तर त्यांचं होईपर्यंत थांबा.

एडिटिंगमध्ये रंग फिका वाटला तर सॅच्युरेशनला हात लावू नका. त्या रंगाच्या फोटोचं एक्स्पोजर अर्धा स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली आणा; बहुतेक वेळा रंग तेवढ्यानेच परत येतो. चॅनेल पूर्ण जळला असेल तर येत नाही, म्हणून ट्रायपॉड उचलण्यापूर्वी तिथेच फोटो मोठा करून तपासा.