झॉम्बी सोपे, शेजारी अवघड: कमी पैशांत हॉरर कॉमेडी करताना या चुका टाळा

आमचा झॉम्बी पहिल्यांदा पाहिला तो दूधवाल्याने. पहाटे पावणेपाचची वेळ, ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी चार मजली इमारत, आणि जिन्यात अर्धा गाल फाटलेला एक तरुण कटिंग पीत बसलेला. दूधवाला दोन पायऱ्या चढला, थांबला, "नाटकवाले का?" म्हणाला आणि पिशव्या दारांना अडकवून गेला. घाबरला नाही, हसलाही नाही.

आमची फिल्म २८ मिनिटांची. नऊ रात्री चित्रण, ७८ हजार रुपये खर्च, टीममधले बहुतेक सगळे एकांकिका स्पर्धांतून आलेले. नऊपैकी चार रात्रींचं चित्रण फेकून द्यावं लागलं. एक रात्र रक्ताने खाल्ली. उरलेल्या तीन गेल्या त्या जिवंत माणसांमुळे, आणि त्यात आम्हीही आलो. म्हणून खालच्या यादीत झॉम्बी कमी आणि बाकीचं जास्त आहे.

रक्त आधी कॅमेऱ्याला दाखवा

जॉर्ज रोमेरोच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं, असं आमच्यातल्या एकाने वाचलं आणि आम्ही सहा बाटल्या उचलून आणल्या. तो सिनेमा कृष्णधवल होता हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. एडिटिंग करणाऱ्या मैत्रिणीने फूटेज बघून विचारलं, "याच्या अंगावर कोल्ड कॉफी सांडलीय का?" ती पहिली रात्र.

रंगीत चित्रणाला चाललेलं मिश्रण असं. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, ते कोमट पाण्यात सैल करायचं. त्यात खायचा लाल रंग, चिमूटभर कोको पावडर आणि काडीच्या टोकावर येईल इतका निळा. नुसता लाल घातला तर कॅमेऱ्यात सरबत दिसतं. घरी साखरेचंच करायचं असेल तर एकतारी होण्याआधी गॅस बंद करा आणि लिंबू पिळा, नाहीतर पाक साखरतो आणि दोन वाजेपर्यंत जखमेवर खडीसाखर धरते. वाळलेलं रक्त हवं तर कोको वाढवा, वरून इन्स्टंट कॉफी भुरभुरा. ज्या दिव्यात शूट करणार त्याच दिव्यात आधी दहा सेकंद चित्रित करून बघा.

शर्टावरच्या रक्तात थोडं भांडी घासायचं लिक्विड घातलं तर डाग सुटायला मदत होते. मात्र ती बाटली वेगळी ठेवून त्यावर ठळक चिठ्ठी लावा. आमच्या बाटलीला चिठ्ठी नव्हती. एका झॉम्बीच्या तोंडाला खराखुरा फेस आला. शॉट फिल्ममध्ये आहे, पण तो मुलगा पुढच्या रात्री आला नाही.

आणि मुंग्या. गोड रक्त लावून जमिनीवर पडलेल्या प्रेतांना मुंग्या चावतात, मग प्रेतं चुकीच्या वेळी उठतात. प्रेतांचे शॉट आधी उरका. भिंतींना प्लॅस्टिक लावा, कारण डिस्टेंपरने खायचा रंग एकदा प्यायला की तो निघत नाही. तिसऱ्या मजल्याच्या रंगकामाचे साडेचार हजार आम्ही सोसायटीला भरले.

चेहरा

टिश्यू पेपर आणि लिक्विड लॅटेक्सचे थर देऊन फाटलेली कातडी छान होते. काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते, म्हणून आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. भुवया आणि कपाळावरच्या केसांना आधी व्हॅसलीन फासा, नाहीतर काढताना भुवई सोबत येईल. फेविकॉल आणि पोस्टर कलर लाकडासाठी आणि कागदासाठी असतात, चेहऱ्यासाठी नाही. हे लिहावं लागतंय, कारण आम्ही ते करणार होतो. पांढऱ्या डोळ्यांच्या लेन्स एकमेकांत फिरवायच्या नाहीत, एक जोडी म्हणजे एकच माणूस. आणि मे महिन्यात ठाण्यात लॅटेक्स वापरणाऱ्याला माझा नमस्कार. थर वाळता वाळत नाहीत आणि घामाने कडा सुटतात. डिसेंबर-जानेवारी गाठा.

सगळ्यांना पूर्ण मेकअप नको. आमच्याकडे १४ झॉम्बी होते. तिघे नीट रंगवलेले, ते कॅमेऱ्याजवळ. पाच जणांना फिकट पॅनकेक, म्हणजे चेहऱ्याचा मेकअप बेस, आणि डोळ्यांखाली काळं. उरलेल्या सहांना फक्त मळके कपडे, पाठमोरे किंवा अंधारात. लांबून झूम करून घेतलं की माणसं एकमेकांना चिकटून दिसतात आणि १४ चे ४० वाटतात. वाइड लेन्स लावली की १४ चे सात. कपडे बोहारणीकडून घ्या. भांडी देऊन जुने कपडे नेणाऱ्या बाईकडून आपण पैसे देऊन तेच कपडे परत घेतोय, हे तिला पटवायला आम्हाला अर्धा तास लागला. मग चहाच्या पाण्यात बुडवा आणि कोपर-गुडघ्यावर किसणी चालवा. नायकाच्या शर्टाच्या मात्र एकसारख्या तीन प्रती हव्यात, कारण दुसऱ्या टेकला शर्ट पुन्हा स्वच्छ लागतो. दर टेकनंतर मोबाइलवर फोटो काढा. आमच्या नायिकेच्या गालावरचा ओरखडा एका दाराच्या आत उजवीकडे आहे आणि बाहेर डावीकडे.

आवाज: इथे पैसे घाला

प्रेक्षक वाईट रक्त माफ करतो, कॉमेडीत तर त्याला ते आवडतंही. पण संवाद ऐकू आला नाही तर तो फिल्म बंद करतो. आम्ही कॅमेऱ्याच्याच माइकवर एक रात्र काढली आणि त्यात पंखा, पाण्याचा पंप, कोणाच्या तरी घरातली पावणेअकराची मालिका आणि जलद लोकल, एवढ्यांचा अभिनय उत्तम आला.

ठाण्यात रुळांच्या जवळ राहत असाल तर शेवटची लोकल गेल्यावरच महत्त्वाचे संवाद ठेवा. तरीही मालगाडी येतेच, तेव्हा थांबायचं, वाद घालायचा नाही. घोडबंदर रोडच्या बाजूला उलटं आहे, तिथे अवजड वाहनं रात्रीच वाढतात. आधी एक रात्र जाऊन नुसतं ऐका.

पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती, म्हणजे निघताना फ्रिज चालू करायची आठवण होते. आम्हाला ही युक्ती काकूंचं दीड किलो श्रीखंड गेल्यानंतर समजली.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे झॉम्बींना सेटवर गुरगुरू द्यायचं नाही. तोंड हलवा, आवाज काढू नका. त्यामुळे जिवंत पात्रांचे संवाद स्वच्छ मिळतात, आणि गुरगुर नंतर घरात गादीला टेकून एकाच दुपारी रेकॉर्ड होते. सोसायटीही रात्री झोपते. हाडं मोडायला शेवग्याची शेंग, मान वळायला कोबीचा गड्डा, चावा घ्यायला कलिंगड. पापड नको, तो लगेच पापड म्हणून ओळखू येतो. आणि प्रत्येक खोलीत शूट संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. संवादांमधल्या फटी तिनेच बुजवता येतात.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसत असतील तर दोष मोबाइलचा नाही, सेटिंगचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवून कुलूपबंद करा, ऑटोवर सोडू नका. स्वस्त एलईडीवर एवढं करूनही पट्टे आले तर दिवाच बदला.

विनोद झॉम्बीला देऊ नका

आमच्या पहिल्या मसुद्यात झॉम्बी वडापाव खात होता, लोकलमध्ये चौथी सीट मागत होता, नाक्यावर नाचत होता. वाचनाच्या वेळी आम्ही लोळलो. शूट करून पाहिलं तर कोणीच हसलं नाही. कारण झॉम्बी गमतीदार झाला की भीती गेली, आणि भीती गेली की हसण्यासारखं काही उरत नाही. शिवाय २०२२ मध्ये 'झोंबिवली' हा मराठी सिनेमा येऊन गेलाय. मराठी बोलणारे, आपल्या पट्ट्यातले झॉम्बी, एवढ्यावर आता कोणी चकित होत नाही.

दुसऱ्या मसुद्यात आम्ही झॉम्बीला पूर्ण गंभीर केलं आणि सोसायटीची वार्षिक सभा घातली. विषय पुनर्विकासाचा. महाराष्ट्रात त्याला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. आता चावलेला सभासद गणपूर्तीत धरायचा का? त्याची सही चालेल का? की वारसाची घ्यायची? सेक्रेटरी उपविधींचं पुस्तक उघडून बसतो आणि दार धडधडतंय. इथे एकही विनोद लिहिलेला नाही. माणसं आपापल्या नियमाला चिकटून आहेत आणि बाहेर मरण उभं आहे, बस.

त्याबरोबर झॉम्बीचे नियम पहिल्या पाच मिनिटांत ठरवा आणि मोडू नका. आवाजाला येतो की वासाला? जिना चढतो का? चावल्यावर किती वेळ? आमचा झॉम्बी एका दृश्यात कडी उघडतो आणि पुढच्याच दृश्यात तिच्यापुढे हतबल होतो. यूट्यूबवर पहिली पाच मतं त्याच कडीबद्दल आहेत.

एकांकिकेच्या नटांबद्दल एक कटू गोष्ट. आम्हाला गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेपर्यंत घाबरायची सवय आहे आणि कॅमेरा दोन फुटांवर असतो. तालीम करताना वाक्य निम्म्या आवाजात, हात खिशात. झॉम्बींना "झॉम्बीसारखं चाल" सांगितलं की १४ जण १४ हात पुढे करून निघतात. त्याऐवजी प्रत्येकाला एकच दुखणं द्या. तुझा उजवा घोटा गेलाय, तुझी मान वळत नाही, तू मेलास तेव्हा हातात पिशवी होती. पिशवीवाला झॉम्बी आमचा सगळ्यात भीतिदायक निघाला. काही खास केलं नाही त्याने. पिशवी सोडली नाही, एवढंच.

एकसलग शॉटचा मोह सगळ्यांना होतो. 'वन कट ऑफ द डेड' या २०१७ च्या जपानी सिनेमाची सुरुवात ३७ मिनिटांच्या एकाच शॉटची आहे, आणि तो जेमतेम ३० लाख येनमध्ये झाला. पण त्या शॉटची सगळी मजा तालमीत आहे. आम्ही तालमीशिवाय चार मिनिटांचा प्रयत्न केला, ११ टेक झाले, शेवटच्यात वॉचमन चालत आला.

जागा आणि परवानग्या

पुनर्विकासासाठी रिकामी झालेली इमारत म्हणजे फुकट सेट, असं वाटतं. आधी ती कोणत्या वर्गातली आहे ते विचारा. महापालिका ज्या इमारतीला सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरवते, तिच्या जिन्यात १४ जणांना धावायला लावणं हा वेडेपणा आहे. मालकाची लेखी परवानगी घ्या आणि छज्जे, कठडे यांपासून लांब राहा. येऊरचं जंगल पडद्यावर सुंदर दिसतं, पण ती राष्ट्रीय उद्यानाची बाजू आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री जाऊ नका. तिथे खरोखर चावणारे बिबटे फिरतात. स्टेशनसाठी रेल्वेची वेगळी परवानगी लागते, "पटकन एक शॉट" प्रकार फलाटावर करू नका. तलावपाळीसारख्या ठिकाणी महापालिकेला विचारा.

रस्त्यावर काही करायचं असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात आधी पत्र द्या आणि पोच घ्या. आमच्याकडे पत्र होतं, पण ते घरी होतं. रक्ताळलेला मुलगा सिगारेट आणायला कोपऱ्यावर गेला, कोणीतरी ११२ वर फोन केला आणि आमची तिसरी रात्र समजावण्यात गेली. पत्राची झेरॉक्स प्रत्येक झॉम्बीच्या खिशात ठेवा. खेळण्यातली बंदूकही उघड्यावर मिरवू नका. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून सूचना हाताच्या खुणांनी.

चौथी रात्र कशी गेली ते थोडक्यात. आम्ही चेअरमनना विचारलं, पहिल्या मजल्यावरच्या आजींना विचारलं नाही. त्या रात्री दोनला उठल्या, दार उघडलं, समोर तीन प्रेतं. ओरडल्या नाहीत, पण सकाळी सोसायटीने परवानगी मागे घेतली. पेढ्यांचा पुडा घेऊन प्रत्येक दाराशी जाऊन आल्यावर ती परत मिळाली. हे आधी करायचं असतं. आजी आता फिल्ममध्ये आहेत, एका दृश्यात झॉम्बीला "कोण पाहिजे?" विचारतात.

कागद

रोमेरोच्या त्याच सिनेमाचं नाव प्रदर्शनाआधी बदललं, नव्या शीर्षकाच्या पट्टीवर कॉपीराइटची ओळ राहून गेली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यामुळे सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला. आपल्याकडे ओळ विसरल्याने हक्क जात नाही. आपल्याकडे मैत्री मधे येते. लेखक, नट, संगीत करणारा, घर देणारा, सगळ्यांकडून एक पानी संमती शूटच्या आधी घ्या, बक्षीस मिळाल्यावर नाही. पार्श्वभूमीला वाजणारं फिल्मी गाणं, रिंगटोनसुद्धा, काढून टाका. थिएटरात तिकीट लावून दाखवायची तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागेल. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गात ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन टप्पे आलेत, तुमचं रक्त कुठे बसतं ते एडिटिंगच्या आधी ठरवा. यूट्यूबला ते लागत नाही, पण थंबनेलवर आतडी लावलीत तर व्हिडिओ वयाच्या अटीत अडकू शकतो.

फूटेज दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक दुसऱ्याच्या घरी.

आणि पहिला कट मित्रांना दाखवू नका. आमचा पहिला कट ४१ मिनिटांचा होता. तो आम्ही त्याच इमारतीच्या गच्चीवर, चादर बांधून, रहिवाशांना दाखवला. आम्ही दणक्यात संगीत घातलेल्या तीन जागी शांतता होती. दार धडधडत असताना सेक्रेटरी ठरावावर सही घ्यायला चालणारं पेन शोधतो, एक चालत नाही, दुसरं चालत नाही, तिथे खुर्च्या हलल्या. एडिटिंगवाल्या मैत्रिणीने अंधारातच वहीत वेळ लिहून घेतली. तिचंही पहिलं पेन चाललं नाही.