रोबो पिसाळलेला नाही: छोट्यांच्या कॉम्प्युटर-खेळण्यांबाबत या चुका टाळा

खेळण्यांच्या लायब्ररीत ‘बिघडलंय’ अशी चिठ्ठी चिकटवून परत येणाऱ्या बहुतेक कॉम्प्युटर-खेळण्यांना काहीच झालेलं नसतं. बटणं दाबून चालवायचे रोबो, बोलणारे अक्षरफलक, ठोकळे जोडून हालचाल ठरवायची खेळणी, असा तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीचा सगळा पसारा मी सांभाळते. तक्रारी ऐकून ऐकून आता पाठ झाल्या आहेत. माहितीपत्रक कुणी उघडलेलं नसतं आणि पहिल्या दिवशी मुलाशेजारी कुणी बसलेलंही नसतं. दुसऱ्या दिवशी मात्र ‘यातून तो काय शिकला?’ हा प्रश्न तयार असतो.

जुन्या आज्ञा न पुसणं

ही चूक पाहिली की माझं डोकं फिरतं. बी-बॉट हा मधमाशीसारखा दिसणारा पिवळा रोबो अनेक बालवर्गांत असतो. त्याच्या पाठीवर चार दिशांचे बाण असतात, मधोमध ‘गो’, शिवाय थांबायचं एक बटण आणि आधीच्या आज्ञा पुसायचं फुलीचं एक. ‘पुढे’ एकदा दाबलं की तो 15 सेंटिमीटर सरकतो. वळायला सांगितलं की जागच्या जागी 90 अंशांत वळतो. इतकं साधं यंत्र, पण त्याची आठवण पक्की. आधी दाबलेलं तो आपणहून विसरत नाही. नवी आज्ञा जुन्या आज्ञांच्या शेपटीला जाऊन लागते, आणि जुन्या बी-बॉटमध्येसुद्धा अशा 40 आज्ञा मावतात. म्हणजे चौघांनी आळीपाळीने खेळून झाल्यावर पाचव्याने एकदाच ‘पुढे’ दाबलं, तरी यंत्र आधी त्या चौघांची सगळी यात्रा करणार आणि शेवटी या बिचाऱ्याचं एक पाऊल टाकणार.

एका बालवर्गातून निरोप आला होता की रोबो पिसाळलाय. मी गेले तेव्हा तो परत पाठवण्यासाठी खोक्यात भरून ठेवलेला होता. ताईंनी सेल बदलले होते, चाकांत अडकलेले केस काढले होते. बंद करून चालू केला की थोडा वेळ शहाण्यासारखा वागतो आणि मग पुन्हा तेच, असं त्यांचं म्हणणं. खरं तर रोग तिथेच कळायला हवा होता, कारण बंद केल्यावर आठवण पुसली जाते आणि मुलं खेळायला लागली की पुन्हा साठत जाते. मी तो सतरंजीवर ठेवला आणि मुलांना खेळू दिलं. दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी एकदा ‘पुढे’ आणि मग ‘गो’ दाबून हाताची घडी घालून बसली. रोबो फिरफिर फिरला, भिंतीला धडकला, मागे आला आणि शेवटी एक पाऊल पुढे सरकला. ती शांतपणे म्हणाली, “तो आधी सगळ्यांचं ऐकतो, मग माझं.”

निदान झालं होतं! विचारल्यावर कळलं की हे वाक्य तिने ताईंनाही आधी ऐकवलं होतं. ताई ‘हो का, छान’ म्हणून पुढच्या कामाला लागल्या होत्या.

माझी सवय अशी की रोबो मुलाच्या हातात देताना ‘पाटी पुसली?’ एवढंच विचारायचं. मूल स्वतः फुली दाबतं, आणि मग त्याची पाळी सुरू होते. मोठ्यांनीच गुपचूप फुली दाबून द्यावी, म्हणजे वेळ वाचतो, असं सुचवणारे बरेच भेटतात. वाचतो, पण कशासाठी? यंत्र आपण सांगितलेलंच करतं, अगदी मघाशी सांगितलेलंसुद्धा करतं, हे मुलाला कळावं म्हणून तर ते आणलं. तेवढाच भाग मोठ्यांनी उरकून टाकला, तर मुलाच्या वाट्याला नुसती चाकांवरची मधमाशी उरते.

तीसेक मुलं एका खोलीत आणि रोबो एकच असेल तर माझा कल ठोकळ्यांच्या खेळण्यांकडे असतो. क्युबेटोमध्ये आज्ञा म्हणजे फळीवरच्या खाचांत बसवायचे ठोकळे. कीबोमध्ये ठोकळ्यांवर बारकोड असतात आणि रोबोला ते एकेक करून वाचायला लावायचे असतात. दोन्हींत काय सांगितलंय ते डोळ्यांसमोर पडलेलं असतं, पोटात लपलेलं नसतं. (कीबो ‘चालत नाही’ म्हणून आला की आधी बघा, मधला एखादा ठोकळा वाचायचा राहिलाय का, आणि शेवटचा ‘समाप्त’ वाचलाय का. बहुतेकदा तेच असतं.) ही कल्पना नवीनही नाही. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात रेडिया पर्लमन यांनी अगदी लहान मुलांसाठी आधी बटणांची पेटी केली आणि मग खाचांत कार्डं लावून जमिनीवरचं ‘कासव’, म्हणजे एक छोटा रोबो, चालवायचं यंत्र केलं. टंकलेखन न येणाऱ्या मुलाच्या हाती आज्ञा कशी द्यायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

वळणं आणि सरकणं यांची गल्लत

उजवा बाण दाबला की रोबो उजवीकडच्या चौकोनात जाईल, असं जवळपास प्रत्येक मुलाला वाटतं. तो फक्त तोंड फिरवतो. शिवाय रोबो मुलाकडे तोंड करून उभा असला की त्याचं उजवं मुलाच्या डावीकडे येतं, आणि मग मोठी माणसंही गडबडतात. इथे ओरडून दुरुस्ती करू नका. मुलाला उठवा आणि रोबोच्या मागे, त्याच्याच दिशेला तोंड करून उभं करा. ‘आता तू वळ. चौकोन बदलला का? नाही. मग आता पाऊल टाक.’ लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा 1967 साली तयार झाली. ती घडवणाऱ्यांपैकी सिमोर पेपर्ट यांचा भर नेमका यावरच होता, की लोगोच्या आज्ञांवर चालणाऱ्या कासवाच्या जागी स्वतःला ठेवून, स्वतःच्या अंगाने विचार करायचा.

आणि घरी चौकोन आखणार असाल तर पट्टी घेऊन 15 सेंटिमीटरचेच आखा. ‘साधारण वीतभर’ आखलेल्या चौकोनांवर चौथ्या पावलाला रोबो रेषेवर उभा राहतो आणि दोष त्याच्या माथी येतो. जाड गालिच्यावरही तो सरळ जात नाही. फरशी किंवा पातळ सतरंजी बरी.

सेल: सगळ्यात जास्त आळस इथेच

दिवे लागतात, गाणं वाजतं, पण चालायला लागला की रोबो मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. हे सॉफ्टवेअरचं दुखणं नाही. मोटर सुरू होताना जास्त वीज ओढते. दमलेल्या सेलचा दाब त्या क्षणी कोसळतो आणि चिप पहिल्यापासून सुरू होते. आवाज घोगरा येणं, कुणी हात न लावता खेळणं आपणहून बोलायला लागणं, हीही बहुतेकदा सेल संपत आल्याचीच लक्षणं. नवे सेल घाला, आणि घालताना सगळे एकदम बदला. दोन जुने आणि एक नवा अशी काटकसर केली की जुना सेल प्रमाणाबाहेर रिकामा होतो आणि गळतो. रिचार्जचे सेल 1.2 व्होल्टचे असतात, साधे 1.5 चे. काही खेळणी या फरकावर रुसतात, त्यामुळे माहितीपत्रकात काय चालतं ते आधी वाचा.

सुट्टीत खेळणी कपाटात ठेवताना सेल काढून ठेवायचे, हे मी किती वेळा सांगितलं असेल! तरी सुट्टीनंतर पांढरी बुरशी धरल्यासारखे कप्पे येतातच. अल्कलाइन सेलची गळती असेल तर हातमोजे घालून, कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून ती पुसता येते. नंतर ओलसर फडक्याने पुसायचं आणि पूर्ण वाळवायचं. स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर मी त्यावर वेळ घालवत नाही.

आता ज्याबाबत मी कुणाचीही भीड ठेवत नाही ते. एक बोलणारं पुस्तक आमच्याकडे परत आलं, त्याच्या सेलच्या कप्प्याचा स्क्रू हरवलेला होता आणि झाकण चिकटपट्टीने लावलेलं होतं. आत बटणाच्या आकाराचे सेल होते. दोन मुलं महिनाभर त्याच्याशी खेळली होती. देणाऱ्याला वाटत होतं की आपण हुशारीने दुरुस्ती केली. ती चिकटपट्टी तीन वर्षांचं मूल नखाने सोलून काढतं. विशेषतः 20 मिलिमीटरचा लिथियम सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर त्याच्या विजेने तिथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांच्या आत गंभीर भाजू शकतं. खेळणं चालवायला न पुरणारा, ‘संपलेला’ सेलसुद्धा हे करू शकतो. असे सेल असलेला कप्पा अवजाराशिवाय उघडता कामा नये, ही खेळण्यांच्या सुरक्षा-मानकांतली अट उगाच नाही. स्क्रू हरवला तर त्या मापाचा दुसरा मिळेपर्यंत सेल काढून खेळणं वर ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, लक्षणांची वाट बघू नका, थेट रुग्णालयात जाऊन एक्स-रे काढायला सांगा. काढलेला जुना सेल टेबलावर ‘नंतर टाकू’ म्हणून ठेवणारे तर माझ्या खास यादीत आहेत.

बाकीच्या, थोडक्यात

नवंकोरं खेळणं एकच वाक्य बोलून गप्प होतंय? मागचं किंवा तळाचं बटण दुकानातल्या ‘ट्राय मी’वर राहिलंय. ते ‘ऑन’वर सरकवा.

आवाज फार मोठा? कमी-जास्त करायची सोय नसेल तर स्पीकरच्या भोकांवर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावा. चिकटपट्टी मला मान्य असलेली ही एकमेव जागा.

अक्षरांचे उच्चार विचित्र वाटतात? भाषा किंवा उच्चारपद्धतीची निवड तपासा.

खोक्यावरचं वय म्हणजे ओलांडायची पातळी नव्हे. स्क्रॅचज्युनिअर हे पडद्यावर चित्रांचे ठोकळे जोडून आज्ञा द्यायचं अ‍ॅप 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी बनवलंय. ‘आमची तीन वर्षांची आहे, पण फार चलाख आहे’ म्हणून ते तिच्या हाती दिलं की ती त्यातल्या मांजराला इकडेतिकडे ओढत बसते, आणि आठवड्याने ‘तिला कोडिंगमध्ये रस नाही’ असा निकाल लागतो. थांबा की थोडं! पडद्याचा हिशेबही वेगळा आहेच: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या सूचनांनुसार 2 ते 4 वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर बसायचा वेळ दिवसाला 1 तासापेक्षा जास्त नसावा, कमी तर उत्तमच.

खेळण्याला आया नेमणं

खेळणं बोलतंय म्हणून आपण गप्प बसायचं, ही चूक कुणी तक्रार म्हणून आणत नाही, कारण ती सोयीची आहे. 2016 साली ‘जामा पीडिअ‍ॅट्रिक्स’ या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता, 10 ते 16 महिन्यांच्या बाळांच्या आणि पालकांच्या 26 जोड्यांचा. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांशी खेळताना पालक पुस्तकं किंवा साध्या खेळण्यांच्या वेळेपेक्षा कमी शब्द बोलले, संवादाची देवाणघेवाणही घटली. ती बाळं आपल्या मुलांपेक्षा लहान होती, पण चार वर्षांच्या मुलांच्या घरीही मला हेच दिसतं. यंत्र ‘शाब्बास’ म्हणतं, पालक फोन बघतात. मी पहिले काही दिवस खेळण्याचा आवाज बंद ठेवायला सांगते. बी-बॉटच्या पोटाखाली तर त्यासाठी वेगळं बटणच आहे. यंत्र मुकं झालं की कुणाला तरी ‘आता कुठे जाईल गं हा?’ विचारावंच लागतं. आणि उत्तर यायला वेळ लागला तर बोट पुढे करून बटण दाबू नका.

अकाउंट उघडायची घाई

वाय-फायचं खेळणं आलं की पहिल्या पाच मिनिटांत मुलाचं खरं नाव, जन्मतारीख, फोटो, सगळं भरून मोकळे. 2015 साली व्हीटेक या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि लाखो मुलांच्या खात्यांतली माहिती बाहेर गेली. 2017 साली जर्मनीच्या नियामक संस्थेने ‘माय फ्रेंड केला’ ही बोलणारी बाहुली लपून ऐकणारं उपकरण ठरवून तिच्यावर बंदी घातली. मी टोपणनाव लिहिते, फोटोची जागा रिकामी सोडते, आणि मायक्रोफोनची परवानगी न दिल्याने काय अडतं ते आधी बघते. बहुधा काहीच अडत नाही. खेळणं दुसऱ्याला देताना अकाउंट काढून ते मूळ स्थितीला आणा. वापरलेलं घेत असाल तर त्याचं अ‍ॅप अजून मिळतं का आणि तुमच्या फोनवर चालतं का, हे घेण्याआधी तपासा. कंपनीने सेवा बंद केली असेल तर त्यावर माझ्याकडे इलाज नाही.