शेजारच्या शोषखड्ड्याचं पाणी आपल्या बोअरकडे येतंय का, ते कसं बघायचं

नागपूरच्या नव्या लेआउटात पंधराशे फुटाच्या प्लॉटवर बोअर पण असते, सेप्टिक टँक पण आणि शोषखड्डा पण, मग सगळे एकच विचारतात की बोअर आणि खड्ड्यात अंतर किती ठेवू. अंतर नंतर पाहा, आधी जमिनीखालचं पाणी कोणत्या बाजूला चाललंय ते काढा. खड्डा वरच्या बाजूला, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडे, असला तर शंभर फूटही कमी पडू शकतात.

जवळपासच्या तीन विहिरी पकडा, एका रेषेत नको, त्रिकोणात. खोल बोअर शक्यतो नकोच, तिच्यात दोन-तीन थरांचं पाणी मिसळलेलं असतं. सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी जा, दोरीला वजन बांधून काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. मग तिन्ही काठांची उंची एकमेकांच्या हिशेबाने काढायची, पण मोबाईलच्या जीपीएसवर अजिबात नाही, तो कितीतरी फूट चुकतो आणि इथे सगळा खेळ एक-दोन फुटांचा आहे. मिस्त्रीकडून पाण्याची लेव्हल पाईप मागून आणा. काठाच्या उंचीतून खोली वजा केली की पाण्याची पातळी आली.

समजा पातळ्या 96, 95 आणि 94 फूट निघाल्या. कागदावर स्केलमध्ये विहिरी मांडा, 96 वाली आणि 94 वाली जोडा, त्या रेषेच्या बरोबर मधल्या बिंदूपासून 95 वाल्या विहिरीपर्यंत रेघ ओढा. या रेघेला काटकोनात, 94 च्या बाजूला, पाणी चाललंय. 96 वाल्या विहिरीपासून रेघेपर्यंतचं काटकोनातलं अंतर 100 फूट असेल तर उतार शंभराला एक. हेच मे मध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा करा, दिशा बदलू शकते. आणि बाजूला कोणी दिवसभर पंप चालवत असेल तर त्याच्या बोअरभोवती पातळी खाली बसते आणि चारही बाजूचं पाणी तिकडेच ओढलं जातं, मग मूळ दिशा विसरा.

आता वेग. फ्रान्सच्या हेन्री डार्सीने 1856 मध्ये मांडलेला नियम अजूनही चालतो: थराची पारगम्यता (म्हणजे थर पाण्याला किती सहज वाट देतो) गुणिले उतार, आणि त्याला भागिले पाणी वाहू देणाऱ्या पोकळीचं प्रमाण. मुरमाची पारगम्यता दिवसाला 5 फूट धरली, उतार वरचाच शंभराला एक, पोकळी 5 टक्के, तर पाणी दिवसाला 1 फूट सरकतं. आता तेवढीच पारगम्यता पण पोकळी फक्त 1 टक्का, म्हणजे भेगाळलेला काळा पाषाण, तर वेग 5 फूट! लोकांना उलटं वाटतं, पण तेवढंच पाणी कमी जागेतून न्यायचं तर ते पळणारच. नागपूरच्या पश्चिमेला हाच पाषाण आहे, पूर्वेकडे जुना नाईस खडक, दोन्हींत पाणी भेगांच्या दिशेने जातं, त्यामुळे तुमचा आकडा अंदाजच समजा.

पाण्यात विरघळलेलं सगळं मात्र सारख्या वेगाने येत नाही. नायट्रेट आणि क्लोराइड पाण्याबरोबर जवळजवळ त्याच वेगाने येतात, शिसं आणि फॉस्फेट मातीला चिकटत मागे राहतात. जंतू मातीत गाळले जातात, मरतात, पण उघडी भेग मिळाली तर लांब पोचतात. शिवाय पाण्याचा प्रत्येक थेंब वेगळ्या वाटेने येतो, म्हणून पहिला अंश हिशेबाच्या दिवसाआधीच दिसतो.

म्हणून लॅबमध्ये नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही सांगा, आणि नमुने दोन न्या, एक खड्ड्याच्या वरच्या बाजूच्या विहिरीचा, एक तुमचा. पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून मगच बाटली भरा, बर्फात ठेवून लगेच पोचवा. तुमच्याकडे दोन्ही वाढलेले आणि वरच्या विहिरीत कमी, तर खड्ड्यावर संशय पक्का. फक्त नायट्रेट वाढलं असेल आणि बाजूला शेती असेल तर आधी युरिया आठवा. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, टीडीएस मीटर ती सांगत नाही, आणि पाणी उकळलं तर नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं, घरात तान्हं बाळ असेल तर हे नक्की लक्षात ठेवा.