बैलांनी कुणी समुद्र नांगरतं का? हिब्रू संदेष्टे वाचायला निघालेल्यांसाठी

हिब्रू बायबलात आमोस या संदेष्ट्याचं पुस्तक आहे; त्याच्या सहाव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात दोन प्रश्न आहेत. खडकावर घोडे धावतात का? बैलांनी कुणी नांगरतं का? पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही'. दुसऱ्याचं? माझं लहानपण नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं; आमच्याकडे नांगराला बैलच जुंपायचे. संदेष्ट्याला दोन्हीकडे 'नाही' हे उत्तर हवं आहे, हे पुढच्या ओळीवरून कळतं: तरी तुम्ही न्यायाचं विष केलंत. म्हणजे जे कुणी करणार नाही, ते तुम्ही केलंत. मग बैलांचं काय करायचं? अनेक भाषांतरांत इथे 'तिथे' हा शब्द घातलेला असतो: 'तिथे कुणी बैलांनी नांगरतं का?', म्हणजे खडकावर. हिब्रूत तो 'तिथे' नाही.

हिब्रूत आहे 'बब्बकारीम', 'बैलांनी'. अठराव्या शतकात एका जर्मन विद्वानानं सुचवलं की हा एक शब्द नसून दोन आहेत: 'बब्बाकार याम', म्हणजे 'बैलानं समुद्र'. नकलताना ते एकमेकांना चिकटले असावेत. व्यंजन एकही बदलावं लागत नाही, कारण स्वरचिन्हं बरीच नंतर लावली गेली. शिवाय 'बाकार' हा समूहवाचक शब्द, त्याचं अनेकवचन हिब्रू बायबलात क्वचितच येतं. पदच्छेद केला की प्रश्न चोख बसतो: बैल जुंपून कुणी समुद्र नांगरतं का?

हे मला पहिल्या वर्षी सापडलं तेव्हा रात्रभर झोप आली नाही. चर्चासत्रात मी जोरात मांडणी केली की जुन्या हस्तलिखितांत 'समुद्र' आहे. शिकवणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठल्या हस्तलिखितात?" मी पानाखालच्या तळटीपेकडे बोट दाखवलं. त्या टीपेतल्या लॅटिन संक्षेपाचा अर्थ होता 'असं सुचवलं गेलं आहे'. हस्तलिखित एकही नव्हतं. तीन आठवड्यांचं टिपण माझ्या हातात होतं आणि पुढे काय बोलायचं ते सुचेना.

नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हाच प्रसंग आधी सांगते. आजही मला 'समुद्र' हेच वाचन पटतं. पण पुरावा कुठे संपतो आणि विद्वानाचा अंदाज कुठे सुरू होतो ती रेघ दिसायला लागणं, हे या विषयातलं पहिलं शिक्षण आहे. आपण सगळे हिब्रू बायबलची बिब्लिया हेब्राइका स्टुटगार्टेन्सिया ही आवृत्ती वापरतो. तिच्या तळटीपा वाचायला स्वतंत्र महिना द्या. कुठलं चिन्ह ग्रीक भाषांतराचं, कुठलं मृत समुद्राकाठी कुमरानला सापडलेल्या जुन्या गुंडाळ्यांचं, कुठलं निव्वळ सूचनेचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

संस्कृत शिकून आलेल्यांनी इथे जरा सावध राहावं. मीही तिथूनच आले. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आपल्या डोळ्यांसमोर असते: शेकडो पोथ्या ताडून संपादकांनी वरचा पाठ ठरवला आणि उरलेले पाठभेद खाली दिले. हिब्रू आवृत्तीची रीत वेगळी. वर छापलेला मजकूर एकाच पोथीचा आहे, इ.स. १००८ च्या सुमारास लिहिलेल्या लेनिनग्राड कोडेक्सचा, आणि त्यात उघड दिसणारी चूकसुद्धा तशीच ठेवतात. म्हणजे वरचा मजकूर हा निवाडा नाही, एक साक्षीदार आहे. निवाडा तुम्ही करायचा. मला हे उमगायला वर्ष लागलं.

आता भाषेचं. हिब्रू येण्याआधी संदेष्ट्यांवरच्या टीकाग्रंथांचा ढीग लावू नका. तीन अक्षरी धातू आणि क्रियापदांचे सात मुख्य साचे हे संस्कृतचे गण घोकलेल्याला परके वाटत नाहीत. सुरुवात गद्यानं करा. योनाच्या पुस्तकात अवघी ४८ वचनं आहेत, वाक्यं सोपी आहेत. मग आमोस, नऊ अध्याय. यशयाला लगेच हात लावू नका. त्याचे ६६ अध्याय कुठे पळून जात नाहीत. रोज पाच वचनं, मोठ्यानं. मोठ्यानं हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ही वचनं कानासाठी रचलेली आहेत.

यिर्मयाच्या पहिल्या अध्यायात देव विचारतो, काय दिसतंय? यिर्मया म्हणतो, बदामाची फांदी, 'शाकेद'. देव म्हणतो, बरोबर पाहिलंस, मी माझ्या शब्दावर लक्ष ठेवून आहे, 'शोकेद'. भाषांतरात बदाम आणि लक्ष यांचा काडीचा संबंध उरत नाही. मूळ ऐकलं की सगळा दृष्टान्त त्या दोन शब्दांवर उभा आहे हे कळतं. यशयाच्या पाचव्या अध्यायातलं द्राक्षमळ्याचं गाणं तर संपतंच अशा दोन जोड्यांवर. देवानं 'मिश्पात'ची, न्यायाची वाट पाहिली, तर हाती आला 'मिस्पाख', रक्तपात. 'त्सेदाका'ची, नीतीची वाट पाहिली, तर ऐकू आली 'त्सेआका'. मी मराठीत 'नीती' आणि 'भीती' अशी जोडी लावून पाहिली. कानाला गोड वाटली, पण खोडली. त्सेआका म्हणजे भीती नव्हे, ती गांजलेल्या माणसाची आरोळी आहे. मिस्पाख हा शब्द हिब्रू बायबलात एकदाच येतो, त्यामुळे 'रक्तपात' हा अर्थसुद्धा संदर्भावरून लावलेला आहे. अशी कबुली टिपणात द्यायला लाजू नका.

आपल्याकडच्या जुन्या मराठी बायबलात 'नावी' या हिब्रू शब्दाला 'भविष्यवादी' म्हटलं आहे, पुढे 'संदेष्टा' रूढ झाला. दुसरा शब्द मला कितीतरी जवळचा वाटतो. 'को आमार अदोनाय', परमेश्वर असं म्हणतो, ही संदेष्ट्यांची ठरलेली सुरुवात. राजाचा निरोप घेऊन जाणारा जासूद असाच बोलायला सुरुवात करायचा. हा माणूस निरोप्या आहे. तो पुढचं बोलतो, पण समोरच्या माणसांना आत्ता वळवण्यासाठी. 'हे भाकीत कधी खरं ठरलं?' हा प्रश्न घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी विचारते, हे पहिल्यांदा ऐकलं कुणी?

हा प्रश्न एकदा माझ्याच घरी आला. यशयाचा चाळिसावा अध्याय माझ्या आजीला तोंडपाठ होता: सांत्वन करा, माझ्या लोकांचं सांत्वन करा. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा पोटात गोळा घेऊन गेले होते. यरुशलेमचा यशया इ.स.पू. आठव्या शतकातला, आणि ४४व्या-४५व्या अध्यायांत तर कोरेश (सायरस) या इराणी राजाचं नाव येतं, ज्यानं इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल, म्हणजे बॅबिलोन, घेतलं. त्यामुळे चाळीसपासूनचा भाग बाबेलच्या बंदिवासातल्या कुणा निनावी संदेष्ट्याचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बाराव्या शतकात इब्न एज्रा या ज्यू भाष्यकारानं आडून तसं सुचवलं होतं. १८९२ मध्ये बर्नहार्ड डूम यांनी छप्पनपासूनचा भागही वेगळा काढला. आजीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मग कुणी का लिहिलेलं असेना, कैदेतल्या माणसांसाठीच लिहिलंय ना?" तिला उत्तर द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं, कारण ती बरोबर होती.

श्रद्धावान घरातून येणाऱ्यांना ही वाट एकदा तरी दुखते. दुखू द्या. घाईनं दोन्हींपैकी एक बाजू फेकून देऊ नका. आणि पुराव्याकडून तो देऊ शकत नाही ते मागू नका. १९४७ मध्ये कुमरानजवळ सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीत, सात मीटरहून लांब आहे ती, चाळिसावा अध्याय एका स्तंभाच्या अगदी शेवटच्या ओळीवर सुरू होतो. कुणी म्हणतं, पाहा, यशया एकच! पण ती गुंडाळी इ.स.पू. दुसऱ्या शतकातली आहे. तोवर हे एकच पुस्तक मानलं जात होतं एवढंच ती सांगते. तिची छायाचित्रं इस्राएल म्युझियमनं २०११ पासून इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. तो स्तंभ स्वतः उघडून बघाच.

ज्यू भाष्यकार टाळू नका, ही माझी कळकळीची विनंती. राशी, इब्न एज्रा, किम्ही यांची भाष्यं मूळ मजकुराभोवती छापलेली पानं पाहिली की आपल्याकडच्या टीकांसह छापलेल्या ग्रंथांची आठवण येते. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक कोण, यावर ख्रिस्ती परंपरा येशू असं सांगते, राशी तो सेवक म्हणजे इस्राएल लोक असं सांगतो. दोन्ही वाचल्याशिवाय त्या अध्यायावर बोलू नये.

मराठीत या वाटेवर आपण पहिले नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. त्याच समाजातले जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पंडिता रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून त्यांनी बायबल मराठीत उतरवलं. मला कंटाळा येतो तेव्हा मी त्या केडगावच्या खोलीचा विचार करते.

व्यवहाराचं थोडक्यात. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि ज्ञानदीप इथे, बंगळूरला युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात ही वाट सुरू करता येते. पुढे संशोधन करायचं तर अरामी, ग्रीक आणि वाचण्यापुरती जर्मन लागतेच. नोकऱ्या थोड्या: सेमिनरीत अध्यापन, बायबल भाषांतराचं काम, थोडं संपादन. घरी आर्थिक जबाबदारी असेल तर आधी पोटापाण्याचं बघा आणि संध्याकाळी हिब्रू वाचा. तसं करणारी चांगली माणसं मी पाहिली आहेत.

सध्या माझ्या टेबलावर पुन्हा आमोसच आहे, सातव्या अध्यायातलं चौदावं वचन. 'लो नावी आनोखी'. शब्दशः: न संदेष्टा मी. क्रियापदच नाही. 'मी संदेष्टा नाही' की 'मी संदेष्टा नव्हतो'? यावर ढीगभर लिहिलं गेलं आहे, कारण काळ बदलला की अर्थ बदलतो. मराठीत नकार आला की 'नाही' किंवा 'नव्हतो' निवडावंच लागतं, म्हणून मी बरेच दिवस अडून होते. पुढे आमोस म्हणतो, मी 'बोकेर', गुराखी. 'बाकार'च्याच धातूतला शब्द, त्या बैलांचाच. आणि शिकमा झाडाच्या फळांना चिरा देणारा. ते झाड उंबराच्या कुळातलं, त्याची फळं पिकावीत म्हणून त्यांना पात्यानं चीर देत. आपल्याला उंबर ठाऊक आहे, हे आपलं केवढं भाग्य. परवा शेतावर जाता जाता वाक्य अचानक जुळलं: "मी कुठला संदेष्टा, आणि कुठला संदेष्ट्याचा मुलगा! मी गुराखी, उंबरं चिरणारा." क्रियापद नाही, काळ नाही. वहीत पेन्सिलनं लिहिलं आहे, शाईनं अजून नाही.