पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रात हात धुणं सवयीचं कसं करावं

कृष्णा-पंचगंगेला पूर आला की सांगली, शिरोळ भागातली माणसं शाळांत आणि मंगल कार्यालयांत येऊन राहतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये हेच झालं, २०२१मध्ये पुन्हा. शे-दोनशे माणसं, मोजके संडास आणि एकाच पातेल्यातली खिचडी. जुलाब पसरायला एवढं पुरतं.

साबणानं हात धुवावेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे पहिला दिवस भाषणात आणि फलकांत घालवू नका. संडासातून बाहेर पडलेल्या माणसाला दहा पावलांच्या आत पाणी आणि साबण दिसलाच पाहिजे. दुसरी जागा जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी, ताटं घेण्याआधी.

२०० लिटरच्या प्लास्टिक ड्रमला तळापासून चार बोटं वर तोटी बसवा, म्हणजे गाळ खालीच राहतो. ड्रम विटांवर इतका उचला की तोटी मोठ्यांच्या कमरेच्या जरा खाली येईल. मुलांसाठी वेगळी, गुडघ्याच्या थोडी वर. सांडपाण्याचं आधी ठरवा. पुरात जमीन तुडुंब भिजलेली असते, शोषखड्डा पाणी घेत नाही. खाली टब ठेवून पाइपनं पाणी वाहत्या गटारात सोडा. एकदा तिथं चिखल झाला की कुणी फिरकत नाही.

एका वेळी अर्धा लिटर, दिवसातून पाच वेळा, असं धरलं तर २०० माणसांना ५०० लिटर लागतात. म्हणजे अडीच ड्रम. टँकर मागवताना पिण्याच्या पाण्याबरोबर हे पाणीही मागा. ते पिण्याइतकं शुद्ध नसलं तरी चालेल, पण पुराचं साचलेलं पाणी ड्रममध्ये भरू नका.

साबणाच्या वड्या नाहीशा होतात ही नेहमीची तक्रार. अंघोळीला साबण नसलेला माणूस वडी नेणारच. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. आधी प्रत्येक कुटुंबाला साबण द्या: आपत्तीतल्या मदतीच्या ‘स्फिअर’ मानकांत अंघोळीचा साबण महिन्याला माणशी २५० ग्रॅम सांगितला आहे. सामायिक वडी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून तोटीशेजारी बांधा. पाणी निथळतं आणि वडी विरघळत नाही. साबण कमी पडला तर दीड लिटर पाण्याच्या बाटलीत ३० ग्रॅम कपड्यांची पावडर घालून हलवा, झाकणाला तापवलेल्या सुईनं भोक पाडा आणि बाटली सुतळीनं तिथंच बांधून ठेवा. बाटलीवर ‘साबणाचं पाणी, पिऊ नये’ असं ठळक लिहा.

आता मनं वळवण्याचं. रोगाची भीती घालून फार काही साधत नाही. आधीच घाबरलेली माणसं ऐकेनाशी होतात. किळस आणि लेकरांची काळजी जास्त काम करते. तळहाताला थोडं तेल आणि रांगोळीतली चमकी चोळा, चार जणांशी हात मिळवा, मग त्यांना स्वतःचे हात बघायला सांगा. नुसत्या पाण्यानं ती जात नाही, साबणानं निघते. हे आशाताईंनी बायकांच्या घोळक्यात बसून करावं, कारण तिथंच ‘बाळाच्या शीत कसली आलीय घाण?’ हा प्रश्न निघतो. बाळाला धुतल्यावरचे हात सर्वांत जास्त राहून जातात.

मुलांना सांगण्यापेक्षा दाखवणं बरं. बांगलादेशातल्या दोन शाळांत संडासापासून तोटीपर्यंत रंगीत पावलं काढली, तोटीपाशी हातांचे ठसे उमटवले. संडासानंतर साबणानं हात धुणं ४ टक्क्यांवरून सहा आठवड्यांनी ७४ टक्क्यांवर होतं. ऑइल पेंटचा एक डबा पुरतो.

‘हात धुता का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. त्याऐवजी सकाळी गर्दीच्या वेळी अर्धा तास लांबून बघा: किती जण संडासातून आले, किती जणांनी साबण लावला. दर संध्याकाळी वडी किती झिजली आणि ड्रममध्ये पाणी किती उरलं, तेही पाहा. ड्रम भरण्याचं आणि वडी बदलण्याचं काम एकाच माणसाच्या नावावर ठेवा, शक्यतो केंद्रात राहणाऱ्याच्याच. ‘सगळ्यांनी मिळून बघू’ म्हटलं की तिसऱ्या दिवशी ड्रम कोरडा पडतो, आणि दोनदा कोरडा दिसलेल्या तोटीकडे माणूस तिसऱ्यांदा वळत नाही.